कानशिलावर मोडलेली बोटं

कुठं गाणं आहे एवढं कानावर आलं, की चांगुणाबाईचं घरात मन लागत नसे. पूर्णेला तंबूतला सिनेमा आला की ती पहिल्या आठवड्यात एकदा जायची आणि तंबू उठायच्या आत आणखी एकदा. दर्ग्याच्या उरसात कव्वाली असली की बायकांच्या कनातीमागं तिची जागा ठरलेली. जयंतीला वस्तीत गायन पार्टी यायची तेव्हा पेटीवाल्याला चहा तिच्याच हातचा. नवरा सिताराम रेल्वेत गँगमन होता, चुडाव्याच्या अलीकडचे-पलीकडचे रूळ त्याच्या टोळीकडे. त्यामुळं पॅसेंजर गाडी म्हणजे घरचीच बैलगाडी झाली होती. शेजारची गीताबाई नेहमी सोबत असायची आणि नेहमी कुरकुरायची.

"तिकीट काढलं पडदा बघायला, अन् ही डोळे मिटून बसली," ती म्हणायची. "हिला मेल्यावर न्यायला वाजंत्री नका आणू रे बाबांनो. उठून बसंल."

ते खरंच होतं. गाणं सुरू झालं की चांगुणाबाई डोळे मिटायची. तिच्या दृष्टीनं पडदा, रंग, गॅसबत्त्या सगळं मधे येणारं होतं. गाणारा कुठं थांबला, कुठं घाबरला, कुठं त्याला स्वतःलाच मजा आली, हे तिला अंधारात स्वच्छ दिसायचं. आणि गाणं मनासारखं उतरलं की तिचे दोन्ही हात पुढं जायचे, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही ओवाळून घ्यावं तसे मागं यायचे, आणि बोटं तिच्याच कानशिलांवर कडाकड मोडायची. तिची आई असंच करायची. लेकराची नजर काढतात तसंच.

सितारामला ते खपत नसे. "बाबासाहेबांनी हे समदं सोडायला लावलं," तो म्हणायचा. "अन् तू अजून दृष्टी काढत बस."

"मी कुठं काढते? हात जातात."

"धरून ठेव मग."

"शिंक धरून ठेवता येती का?"

गावात दर चैत्रात यात्रेला संगीत नाटक व्हायचं. दत्तराव नावाचे मोठे बागाईतदार त्याचे कर्तेधर्ते. नाटक तेच जुळवायचे, पेटी तेच वाजवायचे. आणि त्यांचा पुतण्या नागनाथ मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यात राणी व्हायचा. वनात टाकून दिलेली राणी रानवाऱ्याला घराची वाट विचारते, असं एक पद होतं. ते पद ऐकायला आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून लोक यायचे. वस्तीतल्या माणसांची जागा मंडपाच्या बाहेर, नालीच्या पलीकडं होती. तिथून रंगमंच हाताच्या तळव्याएवढा दिसायचा. चांगुणाबाईचं काही अडत नसे.

एकदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ती दत्तरावांच्या उन्हाळी भुईमुगात खुरपत होती. नागनाथ बांधावर आला. कानामागं अजून पावडर होती.

"काय गं चांगुणे, कालचं कसं झालं?"

तिनं खुरपं ठेवलं. "पहिलं कडवं झ्याक. दुसऱ्याला घाई केली तुमी. अन् वर चढायच्या आधी तोंडानं दम घेता, ऊन चहा फुरकावा तसा. तो ऐकू येतो."

"कुणालाच येत न्हाई ऐकू."

"मला येतो."

तो हसला. घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन त्यानं तिच्या ओंजळीत वरून सोडलं, तांब्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवरून. पुढच्या वर्षी दुसरं कडवं त्यानं सावकाश घेतलं. दम मात्र तसाच राहिला. श्वासाची सवय अशी कोणी सांगून जात नाही.

अठ्ठ्याहत्तरचा ऑगस्ट लागला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एसटी बंद झाली, तारा तुटल्या, रुळांचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून सितारामच्या टोळीला लाइनीवरच थांबवून घेतलं. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, गावातून माणसं वस्तीकडं निघाल्याचं कळलं. लोक स्टेशनाच्या दिशेनं पळाले. चांगुणाबाईनं कडेवरच्या लेकीला गीताबाईच्या हातात दिलं आणि ती उलटी फिरली. घरात थोरले दीर होते, सूर्यभान. पूर्वी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. अर्धांगानं एक बाजू गेली होती. उरलेल्या हातानं ते दिवसभर बाजेच्या काठावर ठेका धरून पडलेले असत.

ती घराच्या मागच्या ज्वारीपर्यंत पोचली तेव्हा माणसं अंगणात आली होती. ज्वारी कमरेला होती. ती त्यात पालथी पडली. सगळ्यांनी तोंडांना उपरणी गुंडाळली होती, वरून पावसासाठी पोती पांघरली होती. कोणाचं काही कळत नव्हतं. कुडाला रॉकेल लावलं गेलं. एक जण आत डोकावून म्हणाला, "म्हातारं हाय आत." रॉकेल ओतणारा हात थांबला.

आणि मग तो दम. चहा फुरकावा तसा. त्याच्यामागून मोठ्यानं, वर चढलेला आवाज आला, "कडी घाला भाईरून!"

कडी घातली गेली.

त्या कडीची खरं तर गरज नव्हती. सूर्यभानला उठताच येत नव्हतं. पण कोणाला दया आली असती तर तो आत शिरून बाज ओढून आणू शकला असता. ती वाट त्या तीन शब्दांनी बंद केली. हा विचार चांगुणाबाईनं पुढं फार वेळा केला. त्या वेळी तिनं फक्त तोंडात माती धरली होती, आणि बाजेच्या काठावरचा ठेका थांबेपर्यंत ती तशीच पडून होती.

पोलिसांनी जबानी घेतली. बाकी सगळे म्हणाले, चेहरे दिसले नाहीत. ती म्हणाली, चेहरे मलाही दिसले नाहीत, कडी घालायला नागनाथनं सांगितलं.

"चेहरा दिसला नाही, मग नागनाथ कशावरून?"

"आवाजावरून."

जमादारानं लेखणी थांबवून वर पाहिलं. पण लिहून घेतलं.

नागनाथला धरलं, तीन महिन्यांत तो जामिनावर सुटला. खटला तारखांवर तारखा घेत राहिला. सरकारनं दिलेल्या पत्र्यांची घरं झाली. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की घरात बोललेलं ऐकू येत नसे. यात्रा झाल्या, पण नाटक झालं नाही. नागनाथ भजनातही बसेनासा झाला. गावातल्या बाया पाणवठ्यावर ऐकवायच्या, "खाल्लास गं बाई पोराचा गळा." चांगुणाबाई सिनेमाला जाईनाशी झाली होती. गीताबाईनं दोनदा ओढून पाहिलं, मग नाद सोडला.

एक्क्याऐंशी साली एकदाची साक्षीची तारीख लागली, यात्रेनंतर तीन आठवड्यांची. सरकारी वकिलांनी तिला आधी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. समोर बसवून त्यांनी चहा दिला, कपातून.

"बाई, हा सगळा मुकदमा तुमच्या कानांवर उभा आहे. तुम्ही शपथेवर सांगणार. अडीच वर्षं झाली. पक्की खात्री आहे ना?"

"हाय की."

पण गाडीत बसल्यावर तिला ते पुरेसं वाटेना. खात्री होती, पण ती अडीच वर्षांपूर्वीची होती. तेव्हापासून तो आवाज तिनं ऐकलाच नव्हता. एवढ्या दिवसांत आठवणीतला आवाज आपण आपल्या मनासारखा वळवून घेतला नसेल कशावरून? पद आठवायला बसलं की आता तिला मधे कडी ऐकू यायची, आणि कडी आठवली की पद. एका माणसाला जन्मभर आत घालायचं होतं. मापात चूक चालणार नव्हती.

त्याच आठवड्यात दत्तराव मोटारसायकलवरून वस्तीत आले. खाली न उतरता निंबाखाली थांबून म्हणाले, "औंदा नाटक करायलोय. झालं ते झालं. किती दिवस गाव असं तोंड फिरवून बसणार? तुमी लोकांनी या. अन् नालीपल्याड न्हाई, म्होरं बसा. सतरंजी टाकतो."

गीताबाई दारात तांदूळ निवडत होती. "म्होरं बसवताय व्हय, मालक? बरं बरं. अन् कडी कुठून घालनार, आतून का भाईरून?"

दत्तरावांनी गाडी चालू करायला लाथ मारली.

"राणी कोण?" चांगुणाबाईनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "नागनाथच. दुसरा हाय कोण?"

रात्रीचं जेवताना तिनं सांगितलं, "मी जानार हाय."

सितारामनं घास खाली ठेवला. "डोकं फिरलं का? माझ्या भावाला जाळलं त्यानं, अन् तू त्याचं गाणं ऐकायला जातीस?"

"त्यानंच जाळलं का, हेच ऐकायला जाते."

"तुला मालूम न्हाई?"

"मालूम हाय. पर शपथ घ्यायची हाय. एकडाव ताडून बघते."

"लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हनतील ते मी सांगनार न्हाई कोर्टात. मी काय ऐकलं ते सांगनार."

सितारामनं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाला, "जा. पर हात धरून ठेव."

"त्याच्यावर कुठं जातात आता हात," ती म्हणाली. आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली.

वस्तीतून दोघीच गेल्या. पुढं खरंच सतरंजी होती, आणि तिच्यावर त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. आजूबाजूला गावातल्या बाया अंतर राखून बसल्या होत्या. इतक्या जवळून चांगुणाबाईनं रंगमंच कधी पाहिला नव्हता. पडद्याला ठिगळं होती. पेटीच्या एका पट्टीचा हस्तिदंत उडालेला होता. राजाच्या मुकुटाखालून घाम गळत होता. पहिल्या अंकाच्या शेवटी राणी आली. नागनाथ अंगानं सुटला होता, चोळी दंडात रुतत होती. त्याला सतरंजीवर कोण बसलंय हे आल्याबरोबर दिसलं आणि त्याचा पहिला संवाद चुकला.

दत्तरावांनी सूर दिला. चांगुणाबाईनं डोळे मिटले.

सुरुवात खरखरीत होती, गळा फार दिवस बंद ठेवलेला कळत होता. रानवाऱ्या, वाट सांग, असे शब्द. ती शब्द ऐकतच नव्हती. ती वाट बघत होती. ओळ वर चढायला आली, आणि त्याच्या आधी तो दम आला. तस्साच. हाच. ज्वारीतली ओल छातीला लागली, मातीची चव तोंडात आली, आणि "कडी घाला" याच गळ्यातून, याच दमामागून आलं होतं, यात आता तिळाएवढीही शंका उरली नाही. तिचं काम झालं होतं. उठून जायला हरकत नव्हती.

पण दुसरं कडवं सुरू झालं.

ते त्यानं सावकाश घेतलं. तिनं बांधावर सांगितलं होतं त्याहूनही सावकाश. गळा आता मोकळा झाला होता. अडीच वर्षं ज्याला गाता आलं नाही असा माणूस गात होता, आणि त्याचं सगळं साठलेलं त्या एका कडव्यात येत होतं. घर विचारणारी राणी जिथं समजून चुकते की घर आता नाही, तिथं त्यानं सूर इतका बारीक केला की गॅसबत्त्यांची सूं सूं ऐकू यायला लागली, आणि त्या बारीक सुरावरून तो न डळमळता खाली उतरला आणि षड्जावर येऊन थांबला. तिनं आयुष्यात ऐकलेलं सगळं गाणं एका बाजूला आणि हे एका बाजूला.

बोटं मोडल्याचा आवाज तिनं आधी ऐकला. मग तिला कळलं की ती आपली आहेत.

गीताबाईनं तिची मनगटं पकडून खाली ओढली, तोवर होऊन गेलं होतं. "काय केलंस, मरी माय! काय केलंस हे!"

मागं कोणीतरी ओरडलं, "चांगुणीनं दृष्ट काढली रे!" आणि मग मंडप उसळला. वन्समोर, वन्समोर. दत्तरावांनी पेटीवरचे हात उचलले आणि सगळ्या गावासमोर तिला जोडले. पावडरीतून नागनाथचे डोळे तिच्यावर होते. तो हसला नाही. तो घाबरलेला दिसत होता. त्यानं पद पुन्हा म्हटलं, पण ते तिनं ऐकलं नाही. ती तोवर नाली ओलांडून गेली होती.

तारखेच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. "गेलात कशाला तुम्ही? बरं, आता विचारलंच तर म्हणा, आठवत नाही. बाकीचं मी बघतो."

चांगुणाबाईनं त्यावर रात्रभर विचार केला. तीन आठवड्यांपूर्वीचं आठवत नाही म्हणणाऱ्या बाईचं अडीच वर्षांपूर्वीचं कोण खरं मानेल? आणि आठवतं म्हटलं तर सगळंच आठवतं म्हणावं लागेल. दोन्हीकडून तेच उत्तर येत होतं. निदान एकीकडं खोटं बोलायचं नव्हतं.

कोर्टात आरोपीचे वकील तिच्याशी फार गोड बोलले.

"बाई, तुम्हाला गाण्याचा शौक आहे म्हणे?"

"हाय."

"सिनेमाचा?"

"हाय."

"तंबूत तुम्ही डोळे मिटून सिनेमा बघता, हे खरं?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. "गाण्यापुरते मिटते," ती म्हणाली.

"यंदा यात्रेत आरोपीचं नाटक बघायला गेला होता?"

"ऐकायला गेले होते."

"आरोपीचं पद संपल्यावर सगळ्या गावादेखत तुम्ही त्याची दृष्ट काढली. कानशिलावर बोटं मोडून. खरं की खोटं?"

सरकारी वकील कागदांत बघत होते. सिताराम दाराजवळ उभा होता, हातात टोपी. नागनाथ पिंजऱ्यात मान खाली घालून होता. आत आल्यापासून त्यानं एक शब्द काढला नव्हता. नाव विचारलं तेव्हाही मान हलवली होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "पर ती आवाजाची काढली साहेब. त्याच आवाजानं—"

"खरं की खोटं एवढंच विचारलं."

"आवाज तोच हाय म्हनूनच तर—"

"बाई," न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा."

"खरं."

टंकलेखकाची यंत्रावरची बोटं एकदाच खडखडली आणि थांबली.

"ज्यानं आपल्या दिराला जाळलं अशी खात्री आहे, त्याची कोणी बाई दृष्ट काढील?" वकील तिला विचारत नव्हते. ते बसले.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. बाहेर गुलाल उधळायला लोक तयार होते, पण नागनाथ मागच्या फाटकानं निघून गेला. दत्तराव पायऱ्यांवर उभे होते. चांगुणाबाई जवळून गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "फुडल्या साली बी ये बरं का. तुझ्यासारखं ऐकनारं मानूस न्हाई आमच्या इलाख्यात." त्यात टोमणा किती आणि खरं किती, तिला वेगळं करता आलं नाही. बहुधा त्यांनाही आलं नसतं.

परभणीहून पॅसेंजर नेहमीसारखी उशिरा सुटली. गीताबाई कोपऱ्यात पदर तोंडावर घेऊन झोपल्यासारखी बसली होती. सिताराम खिडकीशी होता. यात्रेच्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलत असे. रागावला नव्हता, ओरडला नव्हता. फक्त जेवताना बाजेच्या काठावर कधी त्याचं बोट वाजलं तर हात मागं घ्यायचा.

पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली. पलीकडच्या मैदानात तंबू लागला होता. कर्ण्यावर कुठलंसं नवं गाणं लागलं होतं. चांगुणाबाईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ती फलाटाच्या नळाकडं बघत राहिली.

गाडी हलल्यावर, पुलावर चढायच्या आधी, सितारामनं खिडकीतून नजर न काढता विचारलं, "चांगलं झालं व्हतं का?"

"काय?"

"त्याचं पद."

तिला खोटं बोलता आलं असतं. डब्यात गीताबाईशिवाय ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि लिहून घेणारंही.

"व्हय," ती म्हणाली. "लय चांगलं झालं व्हतं."

सितारामनं मान हलवली. गाडी पुलावर आली आणि मग त्या धडधडाटात पूल संपेपर्यंत काही बोललेलं ऐकू आलं नसतं.